तीनची लस म्हणजे काटछाट नाही
एका प्रतिसादात म्हटलंय की फ्लूच्या लशीत आधी चार विषाणू असत, आता तीनच, म्हणजे कंपन्यांनी काटछाट केली. हे पटत नाही. वगळलेला चौथा म्हणजे बी-यामागाता. मार्च 2020 नंतर तो जगात कुठेही खात्रीशीर सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेच सप्टेंबर 2023 मध्ये तो लशीत ठेवायची गरज नाही असं सांगितलं. तालुक्याला तीनची मिळाली तर तीच घ्या, चारच्या शोधात थांबू नका.

लस कधी घ्यायची, याचं मात्र कोणी बोललंच नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. बाबांना दमा आहे. एका वर्षी पेरणीच्या धांदलीत लस राहून गेली आणि ऑगस्टमध्ये त्यांना आठ दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. फार वाईट दिवस होते ते. आता मृग लागायच्या आधीच नेतो, कारण लशीचा जोर यायला दोनेक आठवडे लागतात. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात लस दुकानातून दवाखान्यात न्यायची असेल तर बर्फाच्या डब्यातूनच न्या, पण बर्फाला चिकटू देऊ नका. गोठली की ती वाया जाते.