मदत हवी आहे : आधी पोट घालवू की अंग भरू?

साडेपाचचा_अलार्म
जरा लवकर सांगा, डोकं फिरायची वेळ आलीय. जिम लावून दोन महिने झाले. सकाळचा ट्रेनर म्हणतोय कटिंग कर, चरबी उतरल्याशिवाय काय दिसणार न्हाई. संध्याकाळचा म्हणतोय हाताच्या काड्या झाल्यात, कटिंग करून उरणार काय, आधी बल्क मार, म्हणजे जास्त खाऊन अंग भर. पंधरा दिवस ह्याचं ऐकलं, पंधरा दिवस त्याचं. काटा जिथल्या तिथं. आधी काय, तेवढंच सांगा. भाषण नको.

गुळाची_ढेप
उंची? वजन? वय?

साडेपाचचा_अलार्म
नॉर्मलच आहे ओ सगळं. वजन 72.

गुळाची_ढेप
पाच फूट दोनला 72 वेगळं आणि सहा फुटाला वेगळं. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

वस्तादांचा_पठ्ठ्या
तालमीत कोण विचारतंय का, आधी काय आणि मग काय? पहाटं उठायचं, जोर मारायचे, बैठका काढायच्या, वर बदामाची थंडाई. संध्याकाळी आपल्या कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, लिटरभर. तीन महिन्यांत अंग धरतंय. जिमचे पैसे वाचतील ते वेगळे.

रंकाळा_फेरी
पठ्ठे, तालमीतलं पोरगं दोन्ही वेळ मेहनत करतं म्हणून ते दूध जिरतंय. हा माणूस दिवसभर खुर्चीत बसत असणार. म्हशीचं लिटरभर दूध म्हणजे हजारभर कॅलरी, पोटावरच बसणार. माझं ऐका, रंकाळ्यावर रोज तासभर चाला. वजनं उचलायची काही गरज नाही. मी 9 किलो उतरवलं.

वस्तादांचा_पठ्ठ्या
आणि आता हँगरला सदरा अडकवल्यागत दिसत असशीला.

रंकाळा_फेरी
दिसू दे. जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढतो.

पुण्यात_अडकलेला
कट्ट्यावर अजून समोर पिळून देतात का हो? इथं पिशवीतलं पिऊन कंटाळा आला.

निर्गुडी
गुडघ्यांना रात्री निर्गुडीचं तेल कोमट करून चोळा. आठ दिवसांत जिना चढाल.

साडेपाचचा_अलार्म
गुडघे कुणाचे दुखायलेत?? 5 फूट 7 इंच, वय 33, पँट 34 ची. आता तरी सांगा.

चिमूटभर_मीठ
दादा, पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पट्टा पोटाखाली बांधला की 34 सगळ्यांनाच बसते. कापडी टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पोट आत ओढायचं नाही. आणि दिवसभरात काय खाता ते खरं लिहा.

साडेपाचचा_अलार्म
98 सेंमी आली. टेप आईच्या शिलाई मशीनच्या डब्यातला आहे, सुरुवातीचे आकडे पुसलेत, पण 98 नक्की. खाणं : सकाळी चहा-खारी, दुपारी डबा, संध्याकाळी जिमनंतर दोन अंडी. सोमवार, गुरुवार, शनिवार तीपण नाहीत. रविवारी तांबडा-पांढरा. आठवड्यातून दोनदा मिसळ, ती मोजायची नसते.

पुण्यात_अडकलेला
पांढऱ्यात नारळाचं दूध जास्त की खसखस? आमच्याकडं यावरनं भांडणं होतात.

चिमूटभर_मीठ
आपल्याकडच्या पुरुषांची कंबर 90 सेंमीच्या आत असावी असं धरतात. त्यामुळं बल्क नको. पण नुसतं चालून वजन उतरवलंत तर चरबीबरोबर असलेले स्नायूही जातात, फेरीवाल्यांनी रागवू नये. तुम्ही नवे आहात, नव्या माणसाला दोन्ही एकदम जमतं. रोजच्या गरजेपेक्षा तीन-चारशे कॅलरी कमी खा, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचला आणि ती हळूहळू वाढवत न्या. प्रोटीन किलोमागं 1.6 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला 115 च्या आसपास. तुमची दोन अंडी झाली 12. अंडी नसतात त्या वारी 50 ग्रॅम सोयाबीन वड्या भिजवून भाजीत टाका, 26 ग्रॅम तिथंच आलं. वर पनीर, दही, डाळ. काटा हलला नाही तरी घाबरू नका, दर रविवारी तोच टेप लावा. आणि दर पंधरा दिवसांनी पक्ष बदलू नका, निदान तीन महिने.

गुळाची_ढेप
यात वस्ताद आणि फेरीवाले दोघंही अर्धे-अर्धे बरोबर निघाले. एक विचारायचं राहिलं. रक्ताची तपासणी कधी केलीस?

साडेपाचचा_अलार्म
मे महिन्यात ऑफिसनं केलेली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1 होता. पण साखर आमच्या घरात सगळ्यांनाच असते.

गुळाची_ढेप
अरे बाबा! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. आधी रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं जा, मग ट्रेनरकडं. चहातली साखर आणि खारी आजपासून बंद.

वस्तादांचा_पठ्ठ्या
मग थंडाई राहू दे. दूध पावशेर, तेपण साय काढून. बैठका मात्र सोडू नकोस, मांड्या मोठ्या झाल्या की साखर तिथं जिरतीय. वस्ताद म्हणायचे ते हेच असणार.

चिमूटभर_मीठ
हे मात्र खरं आहे.

साडेपाचचा_अलार्म
डॉक्टरची वेळ घेतली, सोमवारची. आई टेप परत न्यायला आली, म्हटलं तुझीपण बघू. तिची 94. बायकांना किती चालते?

चिमूटभर_मीठ
80.

साडेपाचचा_अलार्म
फेरीवाले, रंकाळ्यावर सकाळी किती वाजता असता? आम्ही दोघं येतो.