काइंड ऑफ ब्लू: पहिली बाजू चढी ऐकायची की दुरुस्त केलेली?

सूरपेटी
जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीचं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत दोन दिवसांत झालं: २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' या रचना वाजल्या, आणि नेमकं त्याच दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं वादन योग्य वेगाने लावलं की लय वाढते आणि सूर चढतो. त्यामुळे तबकडीची पहिली बाजू चढी, दुसरी ठीक. दुरुस्त आवृत्ती यायला १९९२ साल उजाडलं.

माझं मत: चढी आवृत्ती आता कपाटात ठेवावी, आणि शिकणाऱ्याने तर तिच्या वाटेला जाऊच नये. 'सो व्हॉट'चा सा पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी). बेसने विचारलं की पियानो दोन कॉर्डमध्ये (एकदम वाजवलेल्या सूरगुच्छांत) उत्तर देतो. खालून वर पहिला कॉर्ड रे प सा म ध, दुसरा सा म नी ग प (ग आणि नी कोमल). दोन्ही मिळून काफी थाटाचे सातही सूर येतात. पेटीवर डाव्या हाताने खालचे तीन, उजव्याने वरचे दोन घ्या आणि दुरुस्त आवृत्तीबरोबर वाजवा; जुळतं. चढ्या आवृत्तीबरोबर तेच केलं की प्रत्येक सूर हेलकावे खातो, म्हणजे आवाज लहान-मोठा होत राहतो. वरचा प म्हणजे ४४० हर्ट्झच्या आसपासचा सूर. तो नुसता २० सेंट (अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा) चढा असला तरी सेकंदाला पाचेक हेलकावे ऐकू येतात. त्यात कान काय तयार होणार?

जुनी तबकडी
साफ असहमत. १९५९ ते १९९२ अशी ३३ वर्षं जगाने जे ऐकलं, ज्यावरून वादकांच्या दोन पिढ्यांनी सोलो (एकेकट्याचं वादन) उतरवून काढले, ती तबकडी चढीच होती. माइल्स सप्टेंबर १९९१ मध्ये गेला. म्हणजे त्याच्या हयातीत विकली गेली ती हीच. 'सो व्हॉट'मधली ती किंचित ताणलेली चमक लोकांनी प्रेमाने ऐकली आहे. तिला आता 'चूक' ठरवून पुसून टाकायचं हे मला इतिहासावर खोडरबर फिरवल्यासारखं वाटतं. शिकण्याची अडचण मान्य, पण ऐकणारे सगळेच पेटी मांडीवर घेऊन बसत नाहीत हो.

खर्ज
@जुनी तबकडी, खोडरबर नाही, दुसरा साक्षीदार म्हणा. त्या दिवशी स्टुडिओत जोडीला दुसरं यंत्रही चालू होतं, खबरदारीची प्रत म्हणून. त्याचा वेग बरोबर होता. दुरुस्ती झाली ती त्या टेपवरून; कुणी अंदाजाने सूर खाली ओढलेला नाही. खोलीत जे वाजलं ते तिथे आहे.

शिवाय सूर चढतो तेव्हा नुसता सूर चढत नाही, वाद्याचा पोतही बदलतो. जॉन कोल्ट्रेनच्या टेनर सॅक्सोफोनचा खालचा भरीवपणा थोडा पातळ होतो आणि टेनर अल्टोकडे, म्हणजे त्याहून चढ्या सॅक्सोफोनकडे, सरकतो. शेजारी कॅननबॉल ॲडर्ली खरोखरच अल्टो वाजवतोय, तेव्हा दोघांतला फरक जितका स्वच्छ राहील तितका बरा. (नवख्यांसाठी: स्टिरिओत कोल्ट्रेन डावीकडे, ॲडर्ली उजवीकडे. हेडफोनची एक बाजू काढून ठेवलीत की कोण कुठला ते लगेच कळतं.)

जुनी तबकडी
टेप खरी आहे हे कबूल. पण १९९७ च्या सीडीसाठी तीन ट्रॅकवरून (टेपवर वेगवेगळ्या नोंदलेल्या आवाजांच्या तीन पट्ट्यांवरून) नवं मिश्रणही केलं गेलं. म्हणजे तुम्ही वेगाबरोबर आवाजांचा तोलही बदललेला ऐकताय. १९५९ साली मिश्रण करणाऱ्याने जो तोल ठेवला तो माझ्या तबकडीवर आहे. एक दुरुस्त झालं म्हणून दुसरंही सुधारलं असं होत नाही.

सूरपेटी
हा मुद्दा मात्र बिनतोड. सुरासाठी नवी आणि तोलासाठी जुनी, एवढं मी मान्य करतो.

मध्यलय
थोडं आडवळण. 'काफी थाट' म्हणा, पण तिथेच थांबा. सूर तेच असले तरी रागाचं चलन नाही, वादी-संवादी (रागातले मुख्य सूर) नाही. आणि खरा धक्का पुढेच आहे. 'सो व्हॉट'च्या ३२ मात्रागटांची (प्रत्येकी चार मात्रांच्या) बांधणी अशी: १६ पांढरी दोनमध्ये, पुढचे ८ काळी दोनमध्ये, शेवटचे ८ परत पांढरी दोनमध्ये. म्हणजे इथे षड्जच उचलून अर्ध्या सुराने वर ठेवला आहे. आपला तंबोरा लावून ऐकणारा त्या आठांमध्ये हमखास हरवतो. म्हणून तंबोरा बंद करा आणि मोजत राहा. माइल्सची दोन आवर्तनं, कोल्ट्रेनची दोन, ॲडर्लीची दोन, पियानोवादक बिल एव्हान्सचं एक. सात वेळा तीच उडी येते. चौथ्या-पाचव्या आवर्तनापर्यंत कान सरावतो.

वेगाच्या वादात मी कुठल्याच बाजूचा नाही. उडी अर्ध्या सुराचीच राहते, दोन्हींत.

गणिती
आपल्याकडची प्रत कुठली हे ओळखण्यासाठी लोक एकूण मिनिटं-सेकंद ताडून बघतात. चुकीची पद्धत. 'सो व्हॉट' शेवटी हळूहळू विरत जातं आणि ते किती वेळ विरू द्यायचं हे प्रत्येक आवृत्तीत वेगळं असू शकतं. त्याऐवजी मधल्या दोन ठळक खुणा घ्या. एक, बेसच्या प्रश्नाला मिळालेलं पहिलं उत्तर. दोन, माइल्सचा सोलो सुरू होताना ड्रमवादक जिमी कॉबने हाणलेली झांज, जिची शेपूट त्या उंच छताच्या स्टुडिओत (तो पूर्वी चर्च होता) कितीतरी वेळ रेंगाळते. दोन आवृत्त्यांत या खुणांमधलं अंतर मोजा आणि भागाकार करा. वेगात १ टक्का फरक म्हणजे साधारण १७ सेंट. अर्ध्या सुरात १०० सेंट असतात.

दुसरी चूक: ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) सरळ ४४० हर्ट्झवर लावून निकाल देणे. पियानो त्या दिवशी नेमका ४४० वरच होता असं गृहीत कशाला धरायचं? आधी दुसऱ्या बाजूवरचं 'ऑल ब्लूज' मोजा. स्टुडिओ तोच आणि मधे फक्त ५१ दिवस. तिथे जो आधार मिळेल त्याच्याशी पहिली बाजू ताडा.

खर्ज
एक पुरवणी. कॉम्प्युटरवर स्वतः दुरुस्त करणार असाल तर वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय निवडा. लय तशीच ठेवून फक्त सूर उतरवला तर सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून पुन्हा जोडतं, आणि सगळ्यात आधी मार बसतो तो गणितींनी सांगितलेल्या झांजेला. तिची शेपूट भुरभुरीत होते. शिवाय लय चुकीची राहते ती राहतेच. यंत्र हळू होतं म्हणजे दोन्ही एकाच प्रमाणात बिघडलं होतं.

जुनी तबकडी
तबकडीवाल्यांनाही उपाय आहे, माझ्या मताविरुद्ध असला तरी सांगतो. प्लेअरला वेगाची सरकपट्टी असेल तर 'सो व्हॉट'चे ते दोन कॉर्ड ऐकत, पेटीवर पांढरी दोन धरून, हेलकावे थांबेपर्यंत पट्टी हळूहळू वजाकडे सरकवा. 'ब्लू इन ग्रीन' संपलं की तबकडी उलटवण्याआधी पट्टी शून्यावर आणा. हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग 'ऑल ब्लूज' मरगळलेलं वाटतं म्हणून तक्रार करतात.

सूरपेटी
म्हणजे चढी तबकडी उतरवून ऐकायची सोय तुम्हीच सांगितलीत!

जुनी तबकडी
सोय सांगितली. मी पट्टी शून्यावरच ठेवणार.