साठीनंतर बापाने सही सोडावी का?

सातपूरचा_लेथ:
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत एका लेथवर जॉबवर्क सुरू केलेली पिढी आता सत्तरीत आहे. मुलगा इंजिनिअर होऊन, पुण्यात नोकरी करून परत आलेला. व्हिजिटिंग कार्डावर 'डायरेक्टर', पण इन्सर्टचा (लेथच्या कापायच्या पात्यांचा) एक डबा मागवायचा तरी चेकवर सही पप्पांची. पप्पा लग्नाला जळगावला गेले की सप्लायरचं पेमेंट लटकलं! 'सगळं तुझंच आहे रे' हे ऐकलं नाही असा एक तरी पोरगा दाखवा. माझंच आहे तर कागदावर का नाही?

माझं मत: साठी झाली की सही सोडा. उद्या काही झालं तर? प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर मालकाबरोबर जीएसटी नंबरही संपतो. वारसाने नवा काढायचा, जुनं टॅक्स क्रेडिट आयटीसी-02 फॉर्म भरून वळवायचं. तोवर बँकेने खातं थांबवलेलं, आणि पगाराची 7 तारीख कोणासाठी थांबत नाही.

गोदाकाठचे_काका:
अहो लेथवाले, सही सोडा म्हणायला काय जातंय? सीसी लिमिटला (धंद्याच्या खेळत्या पैशाच्या कर्जाला) माझं राहतं घर तारण आहे, वैयक्तिक हमी माझी. मुलाला सही दिली म्हणून बँक माझी हमी सोडते का? जाऊन विचारा तुमच्या मॅनेजरला. निर्णय त्याचे आणि घर माझं, हा कुठला न्याय?
चिरंजीवांना नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायची आहे, एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर. मी 2008 पाहिलंय, 2019 ची गाड्यांची मंदी पाहिलीय. एका मेलवर महिन्याच्या ऑर्डरचं शेड्यूल निम्मं होतं, हप्ता निम्मा होत नाही. शिवाय आमची प्रोप्रायटरी नाही, भागीदारी आहे. मी आणि आमची मंडळी.

सातपूरचा_लेथ:
काका, हमीचा मुद्दा बिनतोड आहे. मग बँकेला पत्र देऊन मर्यादा घाला ना. दोन लाखांपर्यंत मुलगा एकटा, वर दोघांची सही. पोराच्या हातून लहान चुका आत्ताच होऊ देत, तुम्ही शेजारच्या केबिनमध्ये असताना. आणि भागीदारी म्हणजे सेफ नव्हे. 1932 च्या भागीदारी कायद्यात, डीडमध्ये (भागीदारीच्या करारात) वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित. तुमच्यासारखे दोघंच असतील तर तसं लिहूनही भागत नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नसते. मुलाला तिसरा भागीदार करा, आजच.

सिडकोची_माहेरवाशीण:
मुलगा, मुलगा, मुलगा. मुली काय फक्त दसऱ्याला मशीनला हार घालायला? 2005 पासून मुलीला जन्मतः समान हक्क आहे. महाराष्ट्रात तर 1994 लाच दुरुस्ती झाली होती. 2020 ला सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की 2005 ला वडील हयात असण्याची अट नाही. आमच्याकडे काय झालं? राखीची साडी आणि हक्कसोडपत्र एकाच पिशवीतून आलं. आधी साडी दाखवली, मग पेन दिलं.

कोर्टरोड:
ताई, थोडी गल्लत होतेय. तो हक्क वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत. वडिलांनी स्वतः उभा केलेला कारखाना स्वकष्टार्जित, तो मृत्युपत्राने ते कोणालाही देऊ शकतात. एमआयडीसीचा प्लॉट तर मालकीचाही नाही, 95 वर्षांचा भाडेपट्टा असतो. त्यावर नाव बदलायचं तर महामंडळाकडेच जावं लागतं.

सिडकोची_माहेरवाशीण:
आणि मृत्युपत्र नसेल तर? मुलगा, मुलगी, बायको, आई सगळे सारखे वाटेकरी. मृत्युपत्र करणारे किती आहेत हो आपल्याकडे? धीरूभाई अंबानी 2002 मध्ये मृत्युपत्राविना गेले, भावांची वाटणी व्हायला 2005 उजाडलं. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणीची सक्ती नाही. तरी नाव काढलं की घरात सुतक.

गोदाकाठचे_काका:
नाव काढलं की वाटणी सुरू होते, म्हणून काढत नाही. अनुभवाचे बोल आहेत.

पिंपळगावची_बाग:
मधेच बोलतो. पोराला नकोच असेल तर? माझ्या मावसभावाचा मुलगा परदेशी गेला, परतायचं नाव नाही. हा अजून सिन्नरच्या शेडला रंग लावतोय, 'येईल तो' म्हणून. चालू कंपनी विकली तर गिऱ्हाइकांसकट किंमत येते. बंद पडली की मशीन भंगाराच्या वजनावर जातं. वारस घरातलाच हवा हा हट्ट कशाला?

सातपूरचा_लेथ:
विकण्यापेक्षा फोरमनला विचारा. वीस वर्षं कारखाना तोच चालवतोय. टूल रूममधलं काय कुठं आहे ते मालकालाही माहीत नसतं. त्याला भागीदारी द्यायची कल्पना मात्र कोणाच्या घशाखाली उतरत नाही.

गोदाकाठचे_काका:
फोरमनला भागीदारी? उद्या म्हणाल चहावाल्याला पण द्या. मर्यादेची सही, त्याचा विचार करतो. तिसऱ्या भागीदाराचं सीएला विचारेन. बाकी घरावर बोजा असेतो मी जागा सोडणार नाही.

सिडकोची_माहेरवाशीण:
काका, काकूंना विचारलंत का? त्या भागीदार आहेत ना.

गोदाकाठचे_काका:
तिचं नाव टॅक्ससाठी आहे. तिला यातलं काही कळत नाही.

सिडकोची_माहेरवाशीण:
फर्म बुडाली तर बँक भागीदार म्हणून त्यांच्याकडूनही सगळी रक्कम मागू शकते, अर्धी नाही. निदान घर गहाण आहे एवढं तरी त्यांना माहीत आहे का?