एआय-चित्रावरचा वॉटरमार्क आणि मेटाडेटा: संपादन करताना काय ठेवावे, काय काढलेले चालते? (सल्ला हवा)

अमळनेर_डीटीपी
नमस्कार मंडळी. अमळनेरला माझे डीटीपी, पत्रिका आणि फ्लेक्सचे छोटे दुकान आहे. सध्या दोन कामे एकाच प्रश्नावर अडली आहेत. पहिले काम रावेर तालुक्यातील एका ताईंच्या केळी वेफर्सचे आहे. पाकिटावर, इन्स्टाग्रामवर आणि गूगलच्या खरेदी-यादीत त्यांना एकच चित्र वापरायचे आहे. ते त्यांनी स्वतः गूगलच्या जेमिनी या एआयवर तयार करून मला व्हॉट्सॲपवर पाठवले. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चार टोकांची पांढुरकी चांदणी आहे आणि ती पुसून द्यावी असा ताईंचा आग्रह आहे. दुसरे काम कानबाईच्या उत्सवाच्या पत्रिकेचे आहे. एआयने चौरंगावर चार हातांची, कमळात बसलेली देवी काढून दिली. आपल्याकडे कानबाई म्हणजे नथ, डोळे आणि दागिने ल्यालेले नारळ, त्यामुळे मधला भाग काढून तिथे यजमानांच्या घरच्या कानबाईचा खरा फोटो बसवायचा आहे. चांदणी पुसणे नियमात बसते का, आणि चित्राच्या उगमाची माहिती (मेटाडेटा) संपादनानंतरही फाइलमध्ये टिकवायची असेल तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? माझ्याकडे जुने कोरल आणि जुने फोटोशॉप आहे. खर्चाची मर्यादा महिना ५०० रुपये, त्याहून एक पैसा जास्त नाही.

भुसावळ_जंक्शन
डोळे झाकून अडोबीचा संपूर्ण संच वर्षभरासाठी घ्या. मी तोच वापरतो आणि आजवर पश्चात्ताप झालेला नाही. नव्या फोटोशॉपमध्ये कंटेंट क्रेडेन्शियल्स नावाची सोय आहे. ती चालू केली की मूळ चित्र कोणते होते आणि त्यावर कोणती संपादने झाली, याची नोंद निर्यात केलेल्या फाइलमध्ये जाते. सोबत बत्तीस जीबी रॅमचा संगणकही घेऊन टाका, कारण जुन्या यंत्रावर या गोष्टी रखडतात. माझे यंत्र पाहायला भुसावळला कधीही या.

फ्लेक्स_नाना_धुळे
भाऊ, एवढा विचार कशाला करता? फोटोशॉपमधले क्लोन स्टॅम्प हे साधन घ्या, चांदणीवर दोनदा फिरवा आणि फाइल छपाईला सोडा. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर मेटाडेटा शोधायला कोण शिडी लावून चढणार आहे? आम्ही चौरस फुटाच्या दरावर जगणारी माणसे आहोत, आणि तो दरही गल्लीतल्या नव्या पोरांनी पाडून ठेवला आहे.

तापीकाठ
नानांचे म्हणणे छपाईपुरते खरे आहे, परंतु ताईंचे चित्र इन्स्टाग्राम आणि गूगलवरही जाणार आहे, म्हणून इथे तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्याच ठेवाव्या लागतील.

डोळ्यांना दिसणारी चांदणी ही पहिली गोष्ट. ती कातरता येते, पुसता येते. दुसरी म्हणजे गूगल डीपमाइंडने २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणलेली सिंथआयडी ही अदृश्य खूण. ती पिक्सेलमध्येच मुरवलेली असते आणि कातरणे, रंग बदलणे, फाइल आवळणे अशा नेहमीच्या संपादनातून ती सहसा टिकते. जेमिनी ॲपमध्ये चित्र चढवून विचारले तर गूगलच्या साधनाने ते बनले आहे का, हे या खुणेवरून कळते. म्हणजे चांदणी पुसली तरी ओळख पुसली जातेच असे नाही. तिसरी गोष्ट फाइलमधला मेटाडेटा. त्यात अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सी२पीए या उगम-नोंदीच्या मानकाची सही केलेली नोंद असू शकते आणि आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या मानक-संस्थेचा, चित्र कशाने बनले ते सांगणारा 'डिजिटल सोर्स टाइप' हा साधा टॅगही असू शकतो. सी२पीएच्या नोंदीत चित्राचा हॅश, म्हणजे चित्र जराही बदलले की बदलणारा आकडी ठसा असतो. त्यामुळे हे मानक न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून जतन केली, तर एकतर नोंद गळून पडते किंवा उरली तरी हॅश न जुळल्याने तपासणीत अवैध ठरते. मानक समजणारे सॉफ्टवेअर मात्र जुने चित्र 'घटक' म्हणून नोंदवून वर नवी सही करते.

आता मुद्द्याचे सांगतो. ताईंनी चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले असेल, तर मेटाडेटा तुमच्याकडे पोहोचण्याआधीच गेलेला आहे. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. त्याआधी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्यात अर्थ नाही.

भुसावळ_जंक्शन
मी वर हेच सांगितले होते की फोटोशॉप घटकांची नोंद ठेवते. अडोबी घ्या.

वकील_धुळे
कायद्याची बाजू मांडतो. माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्ती १० फेब्रुवारी २०२६ रोजी अधिसूचित झाली आणि २० फेब्रुवारीपासून लागू झाली. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या आशयावर ठळक खूण असावी आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे त्यात कायमस्वरूपी मेटाडेटा किंवा विशिष्ट ओळखचिन्ह असावे, असे तीत म्हटले आहे. असा आशय बनवण्याची सोय देणाऱ्या मंचाने ती खूण किंवा तो मेटाडेटा काढण्याची, दडपण्याची मुभा देऊ नये, अशीही तरतूद आहे. मोठ्या समाजमाध्यमांनी आशय चढवणाऱ्याकडून तो कृत्रिम आहे की नाही याची घोषणा घ्यायची असते. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात खुणेने किमान दहा टक्के जागा व्यापावी अशी अट होती. अंतिम नियमात ती उरली नाही, तरी आमच्याकडचे निम्मे लोक अजून पट्टी घेऊन दहा टक्केच मोजत बसतात.

रंग सुधारणे, नॉइज कमी करणे, फाइल आवळणे अशी सद्भावनेने केलेली नेहमीची संपादने व्याख्येतून वगळलेली आहेत, मात्र त्यामुळे मूळ आशयाचा अर्थ बदलता कामा नये. या नियमांचा मुख्य भार मंचांवर आहे, अमळनेरच्या दुकानावर नाही. पण ज्या साधनाने चित्र बनवले त्या कंपनीच्या अटी ताईंना लागू होतातच. एआयने केलेले चित्र फसवण्याच्या हेतूने केवळ माणसाने केले असे भासवण्यास गूगलच्या वापर-धोरणात मनाई आहे. याशिवाय चित्रात दुसऱ्या कोणाची हक्कविषयक माहिती असेल, तर ती जाणूनबुजून आणि अधिकार नसताना काढणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चांदणी ही अशी हक्कविषयक माहिती नाही, असे माझे मत आहे. कोपऱ्यात एखाद्या छायाचित्रकाराचे नाव असेल तर मात्र हात लावू नका.

फ्लेक्स_नाना_धुळे
वकीलसाहेब, ६५ब म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र. माझ्या भाच्याच्या खटल्यात मी ते स्वतः पाहिले आहे. आम्हाला काही कळत नाही असे समजू नका.

वकील_धुळे
नाना, ते जुन्या पुरावा कायद्याचे ६५ब, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. मी कॉपीराइट कायद्याबद्दल बोलतो आहे. आणि निवडणुकीच्या पत्रकावर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे मुद्रक-प्रकाशकाचे नाव तुम्ही न चुकता छापता ना? मग या चित्राखाली एक ओळ छापायला अडचण कसली आहे?

सारंगखेडा_क्लिक्स
मला या खुणांचाच राग आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोड्याचा अस्सल फोटो, पहाटेच्या धुळीत उभे राहून काढलेला. त्यातून फक्त विजेची एक तार जनरेटिव्ह साधनाने पुसली, तर चढवल्यावर त्याला एआयची खूण चिकटली आणि खाली लोक विचारू लागले की घोडा तरी खरा आहे का. हे केवळ माझ्याच बाबतीत झाले असे नाही. मेटाने २०२४ च्या मेमध्ये 'मेड विथ एआय' ही खूण लावायला सुरुवात केली तेव्हा जगभरच्या छायाचित्रकारांनी ओरड केली आणि जुलैत तिचे नाव बदलून 'एआय इन्फो' करावे लागले. मी आता गूगलचा पिक्सेल १० फोन घेतला आहे. त्यात फोटो काढतानाच सी२पीएची नोंद होते. अमळनेरच्या भाऊंनीही तोच घ्यावा.

जामनेरकर
सही असली की सगळे खरे, असेही समजू नका. निकॉनने २०२५ मध्ये झेड६-३ या कॅमेऱ्याला सी२पीएची सोय दिली आणि त्रुटी सापडल्यावर महिनाभरात प्रमाणपत्रे मागे घेतली.

सारंगखेडा_क्लिक्स
मी निकॉन वापरत नाही.

यावलची_गृहउद्योजिका
मूळ प्रश्न वेफर्सचा आहे आणि मी तोच धंदा करते, म्हणून लिहिते. गूगलच्या खरेदी-यादीसाठी मर्चंट सेंटरचा नियम स्पष्ट आहे: उत्पादनाचे चित्र एआयने बनवलेले असेल, तर त्यात डिजिटल सोर्स टाइपचा 'ट्रेन्ड अल्गोरिदमिक मीडिया' हा टॅग असला पाहिजे आणि तो काढू नये. आमच्या डिझायनरने सगळ्या फाइली 'वेबसाठी हलक्या' करून दिल्या, त्यात टॅग गळून गेले आणि पैसे पूर्ण घेतले. दुसऱ्याकडून सर्व चित्रे नव्याने करून घ्यावी लागली. शिवाय एआयने काढलेले वेफर्स कागदासारखे पातळ आणि एकसारखे गोल असतात. आमच्या कढईतून निघणाऱ्यांच्या कडा वळतात, मध्ये फोड येतात आणि रंग हळदीप्रमाणे कमी-जास्त होतो. पाकीट फोडल्यावर ग्राहक हे बघतोच.

पैसा_वसूल_चोपडा
चांदणी नकोच असेल तर गूगलचा सर्वांत वरचा अल्ट्रा प्लॅन घ्या. त्यात दिसणारी खूण येत नाही. माझ्या साडूने घेतला आहे.

तापीकाठ
त्यात सिंथआयडी तरीही राहते, आणि त्या प्लॅनचे महिन्याचे भाडे धागाकर्त्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट आहे. मर्यादा ५०० रुपये आहे, हे कोणी वाचले आहे का?

फुकटात होणारी पद्धत सांगतो. संपादन जुन्या फोटोशॉपमध्येच करा. अंतिम जेपीजी तयार झाल्यावर एक्झिफटूल या मोफत साधनाने डिजिटल सोर्स टाइपचा टॅग पुन्हा लिहा: वेफर्सच्या चित्राला यावलच्या ताईंनी सांगितलेला, आणि पत्रिकेसाठी 'कंपोझिट विथ ट्रेन्ड अल्गोरिदमिक मीडिया', कारण तिथे खरा फोटो आणि एआयची पार्श्वभूमी एकत्र येते. लिहिल्यावर त्याच साधनाने फाइल वाचून टॅग बसल्याची खात्री करा. सही केलेली सी२पीए नोंद अशाने परत येत नाही, हेही लक्षात ठेवा. ती मूळ फाइलमध्ये असेल, तर मूळ फाइल न उघडता वेगळ्या फोल्डरमध्ये जपा. जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल तर निर्यात करताना एक्झिफ, आयपीटीसी आणि एक्सएमपी या मेटाडेटाच्या प्रकारांसमोरच्या खुणा चालू ठेवा. सी२पीए मात्र तेही सांभाळत नाही. चांदणीची जागा कातरायचीच असेल तर कातरा, पण मग चित्राखाली मराठीत स्पष्ट ओळ द्या.

भुसावळ_जंक्शन
एक्झिफटूल काळ्या खिडकीत आज्ञा टंकून चालवावे लागते. दुकानात गिऱ्हाईक उभे असताना हे कोण करणार? अडोबीत एका टिचकीत होते.

अमळनेर_डीटीपी
सर्वांचे आभार. अडोबी, पिक्सेल किंवा अल्ट्रा यांपैकी काहीही घेत नाही, आणि तापीकाठ यांचा मान राखून सांगतो की एक्झिफटूलही सध्या नको, कारण दुकानातला मुलगा त्या काळ्या खिडकीत काय टंकेल याची मला खात्री नाही.

ताईंकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली. एका जाणकाराकडून तपासून घेतली तर टॅग जागच्या जागी होता. गूगलच्या यादीसाठी आणि इन्स्टाग्रामसाठी तीच फाइल, चांदणीसकट, न उघडता त्यांना परत दिली आणि चढवताना एआयची घोषणा करायला सांगितले. ताई नाराज झाल्या, पण यावलच्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर तयार झाल्या. पाकिटासाठी त्यांच्याच कढईतल्या वेफर्सचा फोटो घेणार आहे, एआय-चित्र छापणार नाही. पत्रिकेतून एआय पूर्ण काढून टाकले आहे. देवी काढल्यावर मागे नुसते तोरण आणि केळीचे खांब उरत होते, आणि ते माझ्या कोरलच्या जुन्या फाइलींत आधीपासून आहेत. कानबाईचा फोटो यजमान रविवारी स्थापना झाल्यावर पाठवणार होते. पत्रिका त्याआधी वाटायची असते हे त्यांना समजावून मागच्या वर्षीचा फोटो मागवला आहे.

फ्लेक्स_नाना_धुळे
म्हणजे शेवटी चांदणी पुसलीच नाही. पाकिटाची छपाई कुठे देणार आहात, तेवढे कळवा. दर मी लावून देतो.