'स्टेकहोल्डर'ला भागधारक म्हणायचं का?

प्रश्न (सांगली)
किनारपट्टी आणि सागरी व्यवस्थापनावरची एक पुस्तिका मराठीत करायला घेतली आहे. कोकणातल्या मच्छीमार गावांत ती वाटली जाईल. मूळ मजकुरात 'स्टेकहोल्डर को-ऑपरेशन' पानोपानी येतं. पेपरात नेहमी दिसतं म्हणून पहिल्या खर्ड्यात 'भागधारकांचे सहकार्य' लिहून टाकलं. काल वडिलांनी ते पान वाचलं. ते आयुष्यभर ऊस घालत आलेत, साखर कारखान्याचे जुने सभासद. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "समुद्राचं शेअर कवा निघालं गं?" त्यांना खरंच वाटलं होतं, की कोळ्यांची सोसायटी निघतेय आणि हे तिचं माहितीपत्रक आहे. शब्द तिथंच खोडला. पण त्याच्या जागी काय लिहू?

मिरज
ताई, खोडलात ते बरं केलंत. भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, हे मराठीत पक्कं बसलंय. शेअर विकून मोकळं होता येतं, समुद्रावर पोट असलेला माणूस असा मोकळा होत नाही. 'स्टेकहोल्डर'चा जुना अर्थही गमतीचा आहे. पैज लावणारे आपले पैसे ज्या तिऱ्हाइताकडे ठेवत, तो स्टेकहोल्डर. आज अर्थ बरोबर उलटा झालाय : ज्याचं स्वतःचं काही पणाला लागलंय, तो. मी 'हितधारक' सुचवेन. हिंदीतून आला म्हणून लोक नाकं मुरडतात, पण 'हित' आणि 'धारक' दोन्ही आपलेच आहेत.

कराड (माहेर मालवणकडचं)
दादा, 'धारक'च मला खटकतो. परवानाधारक, खातेधारक, शिधापत्रिकाधारक : धारक म्हटलं की हातात कागद आला. आमच्याकडे नौकेची नोंदणी मामाच्या नावावर. मावशी पहाटेपासून टोपली घेऊन बाजारात बसते, तिच्याकडे धरायला कागदच नाही. मासळी आली नाही तर चूल मात्र तिचीही थंड.

आमच्या किनाऱ्यावर एक सरळ शब्द आहे : वाटा. रापण ओढताना होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं रांगेनं मागं मागं सरकत ओढतात. मासळी वाळूत आली की वाटे पडतात : ओढणाऱ्यांचे, जाळ्याचा, होडीचा. मग 'वाटेकरी' का नको?

तासगाव
वहिनी, रापणीचं वर्णन वाचून छान वाटलं, पण आमच्याकडे वाटेकरी म्हटलं की सातबारा आणि भाऊबंदकी आठवते. शिवाय वाटेकरी म्हणजे सगळे एकाच ओढीतले. समुद्रावर तसं कुठं आहे? रापणकर आणि यांत्रिक नौकेवरून मोठ्या जाळ्यानं मासळीचा थवाच घेरणारे पर्ससीनवाले यांचं भांडण एवढं चिघळलं, की फेब्रुवारी २०१६ मध्ये शासनाला आदेश काढून पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. दोघांना एकाच शब्दात बसवलं की भांडण झाकलं जातं. 'हितसंबंधी' अर्थानं जवळचा आहे, पण 'यात त्यांचे हितसंबंध गुंतलेत' हे आपण कुणाबद्दल बोलतो? ज्याच्यावर संशय आहे त्याच्याबद्दल. मच्छीमारांना तो शब्द लावू नका.

पाटण
एक वेगळा मुद्दा. ही पुस्तिका फक्त किनाऱ्यावरच्यांसाठीच, असं का धरायचं? आमच्या कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत जातं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळतं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादानं पश्चिमेकडं वळवायला दिलेलं पाणी ६७.५ टीएमसी आहे. सह्याद्रीच्या अलीकडचं एवढं गोडं पाणी खाडीत उतरतं, तर खाडीच्या बैठकीत साताऱ्याचंही कुणी बसायला हवं. 'वाटेकरी'त आम्ही येत नाही, 'भागधारक'मध्ये तर नाहीच. 'संबंधित' एवढंच म्हटलं तर येतो, पण तो शब्द इतका फिकट आहे की वाचणारा त्यावरून घसरून पुढं जातो.

मिरज
पाटणच्या सरांचं पटलं. मग जिथं जमेल तिथं नावंच लिहावीत. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनंही तेच केलंय. नकाशावर मच्छीमार वस्त्या, मासळी वाळवायच्या जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने दाखवा, असं नाव घेऊन सांगितलंय. नाव घेतलं की गाळता येत नाही.

कराड
दादा, आता 'सहकार्य'कडेही बघा. "नागरिकांनी सहकार्य करावे" असा फलक कुठं लागतो? रस्ता खणलाय तिथं. त्याचा अर्थ गप्प बसा, एवढाच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं राहिला. आधी ठरवायचं आणि मग सहकार्य मागायचं, याचा राग आम्ही घरात ऐकलाय. तिथल्या माणसाला 'सहकार्य' शब्द दिसला की पुस्तिका मिटते.

तासगाव
आणि 'सहकार' केलंत, तर सांगलीकर थेट कारखान्याच्या वार्षिक सभेत जाऊन बसणार!

प्रश्नकर्ती (सांगली)
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून पहिलं पान पुन्हा लिहिलं. एकदाच, सुरुवातीला : 'ज्यांचं पोट, घर किंवा काम या किनाऱ्यावर आणि खाडीवर अवलंबून आहे, ते सगळे'. त्यापुढं रापणकर, मासळी विकणाऱ्या बाया, नौकामालक, पर्यटनवाले, वनखातं, आणि घाटावरून पाणी सोडणारेही. नंतर आटोपशीर शब्द लागेल तिथं 'हितसंबंधित' ठेवलाय. 'हितसंबंधी'तला संशय त्यात मला कमी वाटतो, चुकत असेन तर सांगा. 'सहकार्य' सगळीकडून काढून 'एकत्र बसून ठरवणं' केलं. वाक्यं लांबली, दोन पानं वाढली.

सकाळी वडिलांना वाचायला दिलं. त्यांनी विचारलं, "बाया बैठकीला येणार म्हणतीस, मग बैठक बाजाराच्या वेळंला नको ठेवायला." ते वाक्यही आता पुस्तिकेत घातलंय.