शनिवारी प्रमोद घरी येऊन राहिला, लिफ्टचं काय?

नितीन (२०१): नमस्कार. प्रमोदला शनिवारी डिस्चार्ज आहे, ४३ दिवसांनी. लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे सचिवांना माहीत असेलच.

देशपांडे काका (१०२, सचिव): नितीनराव, टोमणे नकोत. लिफ्टवाल्यांना दोनदा फोन केला. आधी मागचे एएमसीचे (वर्षाच्या देखभालीचे) पैसे भरा, मग माणूस पाठवतो म्हणतात. पैसे कुठून आणू, तेही ग्रुपनेच सांगावं.

अग्रवालजी (१०१, खजिनदार): ११ फ्लॅटचा मेंटेनन्स बाकी आहे. नावं टाकत नाही. ज्याचं त्याला माहीत.

बोरकर काका (१०४): रॅम्पसमोर पांढरी ॲक्टिव्हा महिनाभरापासून उभी आहे. कोणाची आहे? कृपया हलवावी.

सौरभ (३०४): प्रमोददादा येऊन राहिले!! रविवारी सकाळी तर्री-पोहे माझ्याकडून 🙏🙏

नितीन (२०१): सौरभ, तो अजून पातळ खिचडी खाऊन राहिला. तर्रीचं पुढच्या वर्षी पाहू.

वानखेडे (२०३): आनंदाची बातमी. एक शंका आहे, राग मानू नका. घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारतो. प्रमोदला झालेलं हे जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, पसरत तर नाही ना? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडकडे एवढे पेशंट निघाले, ते पाण्यामुळेच म्हणत होते. आपल्या टाकीचं काय?

मेश्राम ताई (१०३): वानखेडे भाऊ, मी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ३१ वर्षं सिस्टर होती. जीबीएस पेशंटपासून कोणाला होत नाही. आधी जुलाब नाही तर सर्दी-ताप होऊन जातो, अन् मग आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. जुलाबाचा जंतू पाण्यातून येऊ शकतो, तेवढंच पाण्याचं. टाकी धुवायचीच आहे, दिवाळीपासून धुतली नाही. पण प्रमोदच्या नावाने नका धुऊ.

वानखेडे (२०३): मी फक्त विचारलं ताई.

मेश्राम ताई (१०३): मी पण फक्त सांगितलं. आणखी एक, आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही. चालू असली तरी बसत नाही. त्याला बसवूनच आणावं लागेल.

देशपांडे काका (१०२, सचिव): म्हणजे लिफ्टचा मुद्दा तसाही गौण आहे.

नितीन (२०१): काका 🙏 लिफ्ट असली तर चाकाच्या खुर्चीवर दोन मिनिटांत वर. नसली तर ८६ किलोचा माणूस तीन मजले उचलायचा. गौण कसा?

सौरभ (३०४): ८६ होते दादा. आता ७० पण नसतील.

नितीन (२०१): ६८. अन् वजनाचं निघालंच तर सांगतो. त्याला जे आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटीबॉडीचं औषध) दिलं, ते वजनावर मोजून देतात. किलोला २ ग्रॅम, पाच दिवसांत. ८६ किलोचे १७२ ग्रॅम झाले. वहिनी बिल पाहून म्हणाल्या, वीस वर्षं सांगून राहिली होती, समोसे कमी कर. त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

बोरकर काका (१०४): पांढरी ॲक्टिव्हा. रॅम्पसमोर. दुसऱ्यांदा विचारतो आहे.

अग्रवालजी (१०१, खजिनदार): ११ फ्लॅट.

शिल्पा (३०१): नितीनदादा, सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं, आम्ही पण डबे दिले असते. आम्हाला काही कळतच नाही.

नितीन (२०१): ताई, आता विषय निघालाच आहे तर. पहिल्या आठवड्यात आयसीयूबाहेर आपल्या बिल्डिंगचे १४ जण होते. गार्डने मला विचारलं, लग्न आहे का? सगळ्यांनी केळी आणली. व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी केळी. ती शेवटी गार्डनेच खाल्ली. दुसऱ्या आठवड्यापासून मी, वहिनी अन् वर्ध्याचा तो साळा, तिघंच. धंतोलीत हॉस्पिटलपाशी गाडी लावायला जागा नाही म्हणून मी काँग्रेसनगरला मेट्रोने उतरून भर उन्हात डबा घेऊन चालत जात होतो. कोणाला दोष देत नाही. तुम्ही म्हणालात म्हणून.

शिल्पा (३०१): बरं.

मेश्राम ताई (१०३): झालं गेलं. नितीन, व्हेंटिलेटरच्या नळीसाठी केलेलं गळ्याचं छिद्र भरलं का?

नितीन (२०१): भरत आलं ताई, वर पट्टी आहे. बोलतो, पण आवाज घोगरा अन् दोन वाक्यांत दम लागते. डाव्या हाताने स्पंजचा चेंडू दाबतो. पाय अजून नाही. डॉक्टर म्हणाले, नसांवरचं आवरण हळूच भरतं, महिने धरा.

नितीन (२०१): एक सांगायचं राहिलं. तो व्हेंटिलेटरवर होता तेव्हा फक्त डोळे हलत. मी पुठ्ठ्यावर क-ख-ग लिहून एकेका अक्षरावर बोट ठेवायचो, पाहिजे ते आलं की तो डोळे मिटायचा. पहिला शब्द निघाला ‘खस’. मी अर्धा तास खोकला, घसा, खाज, सगळं विचारलं. तो चिडून डोळे फिरवायचा. वहिनी आल्या अन् एका मिनिटात म्हणाल्या, कूलरची खस बदलली का विचारते आहे. एप्रिल लागला होता ना.

सौरभ (३०४): 😭😭 बदलली का मग?

नितीन (२०१): कोण बदलणार बे.

सौरभ (३०४): उद्या मी बदलतो. टाकी घासून, पंपासकट.

बोरकर काका (१०४): सर्व ठीक. पण ॲक्टिव्हा हलल्याशिवाय ॲम्ब्युलन्स आत येणार नाही. तिसऱ्यांदा. आता हवा सोडतो.

शुभांगी वहिनी (३०३): बोरकर काका, ती यांचीच आहे. जुलाब झाले तेव्हा औषध आणायला गेले होते. परतले तर पाय लटपटत होते, तिथेच लावून कसेबसे वर आले. चावी माझ्या पर्समध्ये आहे. मला गाडी येत नाही.

बोरकर काका (१०४): 🙏

बोरकर काका (१०४): वहिनी, माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी चावी घेऊन जातो. पुसून शेडमध्ये लावतो.

देशपांडे काका (१०२, सचिव): लिफ्टवाल्यांना पुन्हा फोन केला. अर्धी रक्कम दिली तर शुक्रवारी माणूस पाठवतो म्हणाले. अर्धी मी माझ्या खिशातून टाकतो. सोसायटीने परत करावी. लेखी नोंद घ्यावी.

अग्रवालजी (१०१, खजिनदार): नोंद घेतली. तरी ११ फ्लॅट बाकी.

मेश्राम ताई (१०३): लिफ्टच्या भरवशावर राहू नका. चार जण तयार ठेवा. हात असलेली पक्की खुर्ची, पट्ट्याने बांधून. चढताना त्याची पाठ जिन्याकडे, तोंड खाली. आधी दहा मिनिटं खाली बसू द्या, या आजारात एकदम उभं धरलं की बीपी पडते. घाई नको.

सौरभ (३०४): मी एक.

नितीन (२०१): मी.

बोरकर काका (१०४): मी.

मेश्राम ताई (१०३): बोरकर भाऊ, तुमची अँजिओप्लास्टी झाली आहे. तुम्ही गेट धरा.

वानखेडे (२०३): मी येतो. खुर्ची पण माझ्याकडे आहे, आईची.

शुभांगी वहिनी (३०३): सगळ्यांचे आभार. एक विनंती, पहिला आठवडा भेटायला नका येऊ. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, ते फार थकतात. अन् केळी नकोत 🙏

सौरभ (३०४): 😂

अग्रवालजी (१०१, खजिनदार): २०३ चे आत्ता आले. बाकी १०.