‘रिस्टोर’, ‘रीमास्टर’, ‘अपस्केल’ : जुन्या गाण्यांच्या व्हिडिओंसाठी मराठी शब्द कोणते?

महाल, नागपूर (धागा सुरू करणारी)

जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून देणं हे माझं काम. लग्नं-बारशी येतातच, पण माझा जीव गाण्यांच्या व्हिडिओंत. भीमगीतं, दंडार आणि खडी गंमत हे आपले नाच-गाण्याचे लोकप्रकार, असं कितीतरी आपल्याकडच्या शूटिंगवाल्यांनी व्हीएचएसवर टिपून ठेवलंय आणि बहुतेकदा त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.

मागच्या महिन्यात एक मावशी भीमगीतांच्या कार्यक्रमाची कॅसेट घेऊन आल्या. गाणाऱ्यांत त्यांचा भाऊ होता, तो आता हयात नाही. म्हणाल्या, “रिस्टोर करून द्या, घरी मोठा टीव्ही घेतला.” मी कॅसेट उतरवली, साफ केली आणि त्यांना आवडेल म्हणून एआयच्या प्रोग्राममधून फोर-के सुद्धा केली. त्यांनी दुकानातच पाहिली. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “सुंदर हाय जी, पण हा माहा भाऊ नोहे.”

मूळ चित्र शेजारी लावलं तेव्हा मला दिसलं. डोळे रेखीव झाले होते, गालावरचा व्रण गेला होता. मागच्या बॅनरवर मंडळाचं नाव होतं, त्याची अक्षरं आता लांबून देवनागरी वाटत होती, पण एकही वाचता येत नव्हतं.

बिलावर मी या सगळ्याला एकच शब्द लिहीत आले : ‘रिस्टोर’. पण कामं तीन आहेत. कॅसेटवर जे आहे ते सावरणं (रिस्टोर), त्यातून नवी मास्टर प्रत, म्हणजे जिच्यावरून पुढच्या नकला काढतात ती, बनवणं (रीमास्टर) आणि चित्र मोठं करताना जे नाहीच ते भरणं (अपस्केल). गिऱ्हाइकाला ऐकताच फरक कळेल असे शब्द मला हवे आहेत. संगणकाच्या मेनूतलं ‘पुनर्संचयित’ नको. ते मावशींपुढे मला उच्चारवणार नाही.

प्रतिसाद, अमरावती

‘जीर्णोद्धार’ काय वाईट? जीर्ण झालेल्याचा उद्धार, म्हणजे खालून वर काढणं. अर्थ चपखल आहे आणि शब्द सगळ्यांच्या ओळखीचा.

प्रतिसाद, वर्धा

दादा, अर्थ चपखल असला तरी वापर पाहा. जीर्णोद्धार आपण देवळाचा करतो आणि त्यात नवा कळस, नवी फरशी, नवा सभामंडप सगळं चालतं. कितीतरी हेमाडपंती देवळांच्या दगडांवर जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट चढलाय. ताईंच्या कॅसेटला नेमकं हेच झालं. हा शब्द तिसऱ्या कामाला बसेल, पहिल्याला नाही.

प्रतिसाद, इतवारी, नागपूर

आमच्या सराफ्यात ‘उजळणे’ म्हणतात. दागिना उजळून द्या, म्हणजे नवा घडवू नका, आहे तोच स्वच्छ करून चमक आणा. एक गोष्ट मात्र सांगतो. उजळताना घासावं लागतं आणि प्रत्येक घासण्यात सोन्याचा कणभर का होईना, अंश जातो. म्हणून जाणता कारागीर दागिना दर सणाला उजळू देत नाही.

महाल, नागपूर

काका, तुम्ही सांगितलेलं माझ्या कामात अक्षरशः घडतं. व्हीएचएसच्या चित्रावर कायम बारीक खरखर असते. ती घालवायचा प्रोग्राम चालवला की खरखरीबरोबर कपड्याची वीण, केसांच्या बटा, ढोलकीच्या कातड्यावरचे डागही जातात. चेहरे मेणाचे होतात. ‘उजळणे’ मी या सफाईसाठीच ठेवते, म्हणजे त्यात किती घासायचं हा प्रश्नही आपसूक येईल.

प्रतिसाद, सीताबर्डी, नागपूर

मी फ्लेक्स छापतो. गिऱ्हाईक मोबाईलवर आलेला फोटो देतं आणि दहा फुटांचा फलक मागतं. आम्ही म्हणतो, “फोटो फाटते.” लहान चित्र ताणलं की ठिपके दिसू लागतात, ते ‘फाटणं’. ते दिसू नये म्हणून चित्र आधी मोठं करून घ्यायचं, ते ‘फुगवणं’. अपस्केलला फुगवणंच म्हणा. कोणालाही कळेल.

महाल, नागपूर

‘फुगवणं’ मला फार आवडलं, कारण हिशोबही तेच सांगतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीच्या टेपवरचं चित्र संगणकात 720×576 असं उतरतं, म्हणजे 4,14,720 ठिपके. जुनं चित्र 4:3 आकाराचं, म्हणून फोर-के पडद्यावर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या सोडून त्याला 2880×2160 जागा मिळते, म्हणजे 62,20,800 ठिपके. बरोबर पंधरा पट. पडद्यावरच्या दर 15 ठिपक्यांपैकी 14 अंदाजानं भरलेले! मुळात व्हीएचएसवर एवढाही तपशील नसतो, तेव्हा खरं प्रमाण याहून वाईटच.

काळ्या पट्ट्या नकोत म्हणून काही जण चित्र आडवं ताणतात आणि सगळी माणसं जाड दिसू लागतात. काही जण वरून-खालून कापतात, त्यात चित्राचा चौथा हिस्सा जातो. दंडारीत पायच कापले गेले तर उरलं काय? पट्ट्या राहू द्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

प्रतिसाद, गोंदिया

पण विदेशातले जुने गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर किती लख्ख दिसतात. 2019 मध्ये युनिव्हर्सल म्युझिक आणि यूट्यूबने मिळून हजाराच्या आसपास व्हिडिओ नव्याने करायचं जाहीर केलं होतं. तेही फुगवलेलेच का?

महाल, नागपूर

सगळे नाहीत, आणि ‘रीमास्टर’चा खरा अर्थ इथेच सापडतो. त्या काळी तिकडचे बरेच व्हिडिओ फिल्मवर चित्रित होत. जोडणी मात्र व्हिडिओ टेपवर होई आणि टीव्हीवर दिसे ती टेपवरचीच प्रत. फिल्मची निगेटिव्ह सापडली तर तिच्यात टेपपेक्षा कितीतरी जास्त तपशील आहे. ती पुन्हा स्कॅन करायची आणि जुनी प्रत समोर ठेवून प्रत्येक शॉट त्याच जागी, तेवढ्याच लांबीचा पुन्हा जोडायचा. टेपवर केलेल्या करामती निगेटिव्हमध्ये नसतात, त्या नव्याने कराव्या लागतात. हे रीमास्टर, म्हणजे मूळ सामग्रीपाशी परत जाऊन नवी मास्टर प्रत घडवणं. आपल्या शूटिंगवाल्यांनी थेट व्हीएचएसवरच टिपलं, म्हणून आपल्याला मागे जायला निगेटिव्ह नाही. ती कॅसेट हेच आपलं मूळ. माझ्याकडच्या कामाला ‘रीमास्टर’ म्हणू नये, असं मला आता वाटू लागलंय.

प्रतिसाद, वर्धा

कॅसेटची फीत झडल्यासारखी होते आणि चित्रात पांढऱ्या रेघा येतात, त्या कशा बुजवता? तेही भरणंच ना?

महाल, नागपूर

फितीवरचा चुंबकीय थर जिथे उडालेला असतो तिथे त्या रेघा येतात. बुजवायला आदल्या किंवा पुढच्या चित्रातला तेवढाच तुकडा घेते. त्याच कार्यक्रमाची दुसरी कॅसेट कोणाकडे निघाली तर तिच्यातून. याला मी मनात ‘रफू’ म्हणते. चांगला रफूगर बाहेरचा दोरा घेत नाही. त्याच कपड्याच्या शिवणीत दुमडलेल्या भागातून धागे काढतो. भरलेलं असतं, पण त्याच वस्त्रातलं.

प्रतिसाद, धरमपेठ, नागपूर

मी मराठी शिकवत असे. ‘रफू’ वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवेना.

ताई, तुमच्या पहिल्या कामाला मराठीत सव्वाचारशे वर्षांहून जुना शब्द आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या तपासून शुद्ध पाठ सिद्ध केला. शेवटी जोडलेल्या ओव्यांत ते म्हणतात की ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरात, म्हणजे पाठ बदलत गेल्याने, तो बिघडला. पुढे शब्द येतो ‘प्रतिशुद्ध’. मूळ वाईट नव्हतं, नकला होताना दोष शिरले, तेवढे काढले. जुन्या टेपबद्दल आपलं म्हणणं हेच नाही का?

त्याच ओव्यांत एक ताकीदही आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात ‘नरोटी’ ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. त्याची ओवी वाईट असेल असं नाथ म्हणत नाहीत. ती त्या ताटातली नाही, एवढंच. मागाहून घुसलेल्या मजकुराला पोथ्यांचे अभ्यासक ‘प्रक्षिप्त’ म्हणतात. तुमच्या प्रोग्रामने दिलेले डोळे प्रक्षिप्त आहेत.

प्रतिसाद, सीताबर्डी, नागपूर

सर, प्रक्षिप्त दुकानात नाही चालणार जी. फुगवलेलंच बरं.

प्रतिसाद, धरमपेठ, नागपूर

मान्य. बोलण्यात फुगवलेलं, टिपणात प्रक्षिप्त. दोन्ही राहू देत.

महाल, नागपूर

सर, नमस्कार. ती ओवी मी कागदावर लिहून टेबलासमोर लावली.

मावशींचं काम परत केलं. या वेळी आधी ओळी सोडवल्या. पाल टेपवर सेकंदाला 25 चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत टिपलेलं : एकदा विषम ओळी, एकदा सम. नव्या पडद्यावर दोन्ही अर्धी एकदम दिसली की हलत्या हाताला कंगव्यासारखे दात फुटतात. दात लपवायला अर्धी चित्रं फेकली तर टाळ्यांची लय अडखळते. मी 50 अर्ध्यांची 50 पूर्ण चित्रं केली. तिथेही मधल्या ओळी प्रोग्रामच भरतो, पण आजूबाजूच्या ओळींवरून आणि आधी-नंतरच्या क्षणांवरून, म्हणजे रफूच. मग पांढऱ्या रेघा बुजवल्या, रंगाचा लालसरपणा कमी केला, खरखर थोडीच घासली, व्रण दिसेल इतपत. पट्ट्या ठेवल्या.

पेनड्राईव्हमध्ये तीन फोल्डर केले : ‘मूळ’, ‘प्रतिशुद्ध’ आणि ‘फुगवलेली’. तिसरी त्यांनी मागितली म्हणूनच दिली, नातवंडांना मोबाईलवर पाहायला. सोबतच्या कागदावर लिहिलं, “या प्रतीतले चेहरे व अक्षरं यंत्राने भरलेली आहेत.”

मावशींनी दुसरीच लावायला सांगितली. बॅनर अजून धूसरच आहे, पण मंडळाचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना ते पाठच होतं. मी ते ‘प्रतिशुद्ध’ फोल्डरच्या टिपणात लिहून ठेवलं, भावाच्या नावाखाली.

आता एकच अडलंय. बिलावर क्रियापद कसं लिहू, ‘प्रतिशुद्ध केली’ की ‘प्रत शुद्ध केली’?

प्रतिसाद, धरमपेठ, नागपूर

‘प्रत शुद्ध केली’ लिहा. मावशींना कळेल, आणि नाथांचाही शब्द मोडत नाही.